सेप्सिस: वयस्क प्रतिकारशक्ती, जनुकं आणि आपलं ग्रामीण रुग्णालय

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

सप्टेंबर लागला की आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयांत एका ठरावीक साच्यातले रुग्ण दिसू लागतात. सत्तरीचं माणूस, तीन-चार दिवस जेवण नाही, सकाळपासून असंबद्ध बोलणं, हातपाय गार, आणि केसपेपरवर पहिलीच ओळ 'ताप नाही'. दोन तासांनी बीपी लागत नाही. त्याच वॉर्डात विशीतला मुलगा १०४ तापाने फणफणलेला असतो आणि आठवड्याच्या आत चालत घरी जातो.

जंतू दोघांचा एकच असू शकतो. फरक शरीर त्याला कसं उत्तर देतं यात असतो, आणि २०१६ साली सेप्सिसची व्याख्या बदलली ती याच मुद्द्यावर. 'ताप अधिक वाढलेल्या पांढऱ्या पेशी' हा जुना निकष मागे पडला. संसर्गाला शरीराने दिलेला बेताल प्रतिसाद आणि त्यातून जिवावर बेतणारा अवयवांचा बिघाड, ही आजची व्याख्या. मोजायचं तर सोफा गुणांकात (अवयवांचा बिघाड मोजणारे गुण) २ किंवा त्याहून जास्त वाढ.

हा प्रतिसाद बिघडण्यामागे दोन गोष्टींची नेहमी चर्चा होते: माणसाची जनुकं आणि प्रतिकारशक्तीचं वय. त्यावर बरंच संशोधन आहे, पण ते वाचून तालुक्याच्या डॉक्टरच्या हातात काय पडतं? माझं मत आधीच मांडतो, खोडून काढायला मोकळीक आहे. प्रतिकारशक्तीचं वय दाखवणारी एक तपासणी आपण रोज करतो आणि वाचत नाही, ती म्हणजे सीबीसीतली (रक्तपेशींची साधी मोजणी) लिम्फोसाइटची, म्हणजे जंतू ओळखून लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशींची, टक्केवारी. आणि आपल्या भागात उपचार बदलेल अशी जनुकीय तपासणी सध्या एकच, सिकलसेलची (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार). बाकी सगळं समजून घ्यायला उपयोगी आहे, पण त्यावरून आज रात्रीची ऑर्डर बदलत नाही.

टीसेल

वयाची बाजू मी मांडतो.

थायमस ग्रंथी बालपणापासूनच आकसायला लागते आणि तिच्या जागी चरबी भरत जाते. तिथून बाहेर पडणाऱ्या कोऱ्या टी-पेशी (लिम्फोसाइटचा एक प्रकार), म्हणजे अजून कुठल्याही जंतूशी गाठ न पडलेल्या, वयाबरोबर कमी होतात. साठीनंतर शरीर बरंचसं घरात राखून ठेवलेल्या जुन्या बियाण्यावर चालतं: ओळखीच्या जंतूला उत्तर मिळतं, नवा आला की उगवण होत नाही. त्यात सायटोमेगॅलो विषाणूची भर. भारतात ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांना त्याचा संसर्ग होऊन गेलेला असतो आणि तो आयुष्यभर शरीरात दबून राहतो. त्याला दाबून ठेवण्यात सीडी-८ पेशींचा (संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या टी-पेशी) मोठा हिस्सा अडकतो. या पेशी सीडी-२८ ही पृष्ठभागावरची खूण हरवून बसलेल्या, सीडी-५७ ही थकव्याची खूण दाखवणाऱ्या, विभाजनाची ताकद संपलेल्या असतात. स्वीडनमधल्या अतिवृद्धांच्या अभ्यासांत सीडी-४ (मदतनीस टी-पेशी) आणि सीडी-८ यांचं प्रमाण उलटं झालेल्या, म्हणजे १ च्या खाली गेलेल्या लोकांत मृत्यू जास्त दिसले.

न्यूट्रोफिलची (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) संख्या म्हातारपणी घटत नाही, बिघडते ती चाल. जंतूच्या दिशेने नीट सरकत नाहीत, भरकटतात आणि वाटेत स्वतःची एन्झाइम सांडून चांगल्या ऊतींना इजा करतात. म्हणून काउंट १६,००० असूनही न्यूमोनिया पसरत राहतो.

याच्या जोडीला कायमचा मंद दाह असतो. फ्रान्चेस्की यांनी २००० साली त्याला 'इन्फ्लमेजिंग' हे नाव दिलं. आयएल-६, टीएनएफ, सीआरपी या दाहाशी जोडलेल्या प्रथिनांची पातळी निरोगी वृद्धातही थोडी चढलेली असते. म्हणजे आग आधीच धुमसती आणि विझवणारे थकलेले. सेप्सिसमध्ये दोन्ही गोष्टी एकदम दिसतात: पहिल्या तासांत दाहाचा भडका, आणि जवळपास त्याच वेळी लिम्फोसाइटचा मोठ्या प्रमाणावर मृत्यू. 'आधी भडका, मग थकवा' अशा दोन स्वच्छ पायऱ्या पुस्तकात असतात, रुग्णात नसतात.

आयसीयू_रातपाळी

ताप नसण्याचा मुद्दा आणखी ठासून सांगायला हवा. गंभीर संसर्ग असलेल्या वृद्धांपैकी २० ते ३० टक्क्यांना ताप येतच नाही किंवा फार कमी येतो. त्यांचं नेहमीचं तापमानच कमी असतं, म्हणून १००.४ ची वाट पाहणं चूक. वृद्धाश्रमातल्या रुग्णांसाठीचे निकष आपल्याला चालतात: तोंडात एकदा १०० फॅरनहाइटच्या वर, किंवा वारंवार ९९ च्या वर, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंशांनी जास्त. आणि ९६.८ च्या खाली गेलेलं तापमान तर तापापेक्षा वाईट समजा.

न्यूज-२ गुणांकन (तापमान, श्वास, बीपी वगैरेंना गुण देऊन धोका मोजणं) मला क्यूसोफापेक्षा (श्वास, बीपी आणि शुद्ध या तीनच खुणांची झटपट चाळणी) बरं वाटतं. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही चाळणीसाठी एकट्या क्यूसोफावर विसंबू नका असंच सांगितलं आहे. एक नमुना घ्या: तापमान ३५.८ सेल्सिअस (१ गुण), श्वास मिनिटाला २४ (२), हवेवर ऑक्सिजन ९३ (२), वरचं बीपी १०४ (१), नाडी ९६ (१), नव्याने सुरू झालेला गोंधळ (३). बेरीज १०. सात गुणांना तातडीची हालचाल अपेक्षित असते. यातली एकही संख्या सुटी पाहिली तर घाबरवत नाही, म्हणूनच असा रुग्ण 'अशक्तपणा' म्हणून मल्टिव्हिटॅमिनची सलाईन लावून बाकावर बसवला जातो.

दोन सापळे. ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल (नाडी मंद करणाऱ्या बीपीच्या गोळ्या) चालू असेल तर नाडी चढत नाही, ९० ची नाडी ११५ समजून वागा. आणि ज्याचं नेहमीचं बीपी १६० असतं त्याचं ११० म्हणजे पडलेलं बीपी आहे, न्यूज-२ त्याला एकच गुण देतं तरीही.

गटप्रवर्तक_ताई

साहेब, तुमचं सगळं बरोबर हाय जी, पण गावात बीपीचं यंत्र कुठून आणाव? थर्मामीटर लावलं तं म्हाताऱ्या माणसाचा आकडा ९७ च्या वर जात नाही. घरचे म्हणतात, बुढ्याले ताप तं हायच नाही, वय झालं त्याचं, काहून दवाखान्यात न्याचं? आशाताईले चार-पाच गोष्टी सांगा, जास्त सांगितल्या तं ध्यानात राहत नाहीत. अन् थर्मामीटर काखेत लावाव का तोंडात?

वैनगंगाकाठ

ताई, प्रश्न नेमका आहे.

थर्मामीटर तोंडात, जिभेखाली. काखेतला आकडा साधारण एक अंश फॅरनहाइट कमी येतो, आणि सुरकुतलेल्या, हाडकुळ्या काखेत त्याहूनही कमी. माणूस बरळत असेल तर तोंडात काचेचं थर्मामीटर देऊ नका, डिजिटल काखेत लावा. जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरची पट्टी ९४-९५ पासूनच सुरू होते, त्यामुळे पारा चढलाच नाही तर 'नॉर्मल' लिहू नका, 'पट्टीच्या खाली' लिहा. ती धोक्याची खूण आहे.

आशाताईंनी पाहायच्या गोष्टी: नव्याने बरळणं किंवा सतत झोपून राहणं. दोन वेळचं जेवण सुटणं. काल चालणारं माणूस आज उठू न शकणं किंवा पडणं. सकाळपासून लघवी नाही किंवा एकदाच गडद. आणि श्वास पूर्ण एक मिनिट मोजून २२ किंवा जास्त. श्वास मोजताना नाडी धरल्यासारखं करा, म्हणजे माणूस मुद्दाम श्वास धरत नाही. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, एका श्वासाची चूक चारची होते.

यातल्या दोन असल्या तर १०८ ला फोन. घरच्यांना समजावताना 'ताप' हा शब्द बाजूला ठेवा. 'कालच्या माणसात आणि आजच्या माणसात फरक पडला का?' असं विचारलं की म्हातारीची सूनच सगळं सांगते.

अजून एक विचारून चिठ्ठीवर लिहाच: गावातल्या कुणाकडून इंजेक्शन घेतलं का? त्यात बहुतेक वेळा डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) आणि डायक्लोफेनॅक (वेदनाशामक) असतं. पहिलं ताप दाबतं आणि काउंट बिघडवतं, दुसरं मूत्रपिंडावर बसतं.

काचपट्टी

डेक्सामेथासोनचा विषय निघालाच आहे तर लॅबच्या बाजूने. स्टेरॉइडच्या एका डोसनंतर काही तासांत न्यूट्रोफिल चढतात आणि लिम्फोसाइट उतरतात. म्हणून न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट प्रमाण पाहून कुणी निष्कर्ष काढत असेल तर आधी इंजेक्शनचा इतिहास विचारा. नाहीतर औषधाचा परिणाम आजाराच्या नावावर जमा होतो.

धागाकर्त्यांनी म्हटलेली टक्केवारी वाचायची रीत अशी: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले लिम्फोसाइटची टक्केवारी. १४,२०० आणि ६ टक्के म्हणजे ८५२. रिपोर्टवर १४,२०० ठळक दिसतं, ८५२ कुणी मांडत नाही. पहिल्या दिवशी १,००० च्या खाली आकडा पुष्कळांचा असतो, त्याला फार अर्थ नाही. चौथ्या दिवशीही तो चढला नाही, विशेषतः ६०० किंवा त्याखाली राहिला, तर नंतरचे संसर्ग आणि मृत्यू जास्त दिसतात असं २०१४ च्या एका अभ्यासात आलं होतं. म्हणून सीबीसी पहिल्या आणि चौथ्या दिवशी, दोन्ही आकडे शेजारी लिहून.

चुका कुठे होतात? ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) नळी भरून आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची. हलवली नाही तर बारीक गुठळ्या होतात आणि प्लेटलेट खोट्या कमी येतात. मे महिन्यात नळी खिडकीशी ठेवू नका. स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) दोन तासांत करा. तीन भागांचं यंत्र मोनोसाइट, इओसिनोफिल वगैरे एका गठ्ठ्यात टाकतं, त्यामुळे लिम्फोसाइटचा आकडा संशयास्पद वाटला तर काचपट्टीवर १०० पेशी हाताने मोजा.

सिकलसेलच्या रुग्णात आणखी एक घोळ. केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी रक्तात आलेल्या असतात आणि साधं यंत्र त्यांना पांढऱ्या, त्यातही लिम्फोसाइट, समजून मोजतं. दुरुस्ती: यंत्राचा आकडा गुणिले १००, भागिले (१०० अधिक दर १०० पांढऱ्या पेशींमागे दिसलेल्या केंद्रकवाल्या पेशी). यंत्र १८,००० दाखवतंय आणि स्मिअरमध्ये २० दिसल्या, तर खरा काउंट १५,०००.

संत्रापट्टा_फार्मा

हल्ली गाल पुसून घेतलेल्या नमुन्यावर 'इम्युनिटी जीन पॅनेल' करून देणाऱ्या जाहिराती येतात. हजारो रुपये खर्च करून रिपोर्ट घेऊन लोक औषधाच्या दुकानात येतात आणि त्यावरून टॉनिक मागतात. घरात कुणी सेप्सिसने गेलं असेल तर पुढच्यांनी ही तपासणी करावी का? टॉनिकचं काय सांगावं?

टीसेल

तपासणी करू नये. कारण थोडं लांबलचक आहे.

आनुवंशिकतेचा वाटा खरा आहे. १९८८ साली डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे जन्मदाते पन्नाशीच्या आत संसर्गाने गेले, त्या दत्तक मुलांचाही संसर्गाने मृत्यू होण्याचा धोका ५.८ पट निघाला, वाढवणारं घर वेगळं असूनही. इतका ठसठशीत आकडा पाहून लोक जनुक शोधायला धावले. टीएलआर-४, टीएनएफ, आयएल-६, एमबीएल-२, पीएआय-१ अशी उमेदवारांची मोठी यादी झाली. एका गटात सापडलेलं दुसऱ्या गटात टिकलं नाही. २०१५ साली संपूर्ण जनुकसंच चाळून एफईआर नावाच्या जनुकातला एक फरक न्यूमोनियाच्या सेप्सिसमध्ये जगण्याशी जोडला गेला, पण तो युरोपीय वंशाच्या रुग्णांत. त्यावरून मेळघाटातल्या कोरकू किंवा भामरागडच्या माडिया माणसाबद्दल काही बोलणं म्हणजे हवेत बाण मारणं.

एकेका जनुकाने ठरणारे जे आजार आहेत ते बहुधा लहानपणीच बाहेर पडतात. आयआरएके-४ किंवा एमवायडी-८८ यांची उणीव असलेल्या मुलांना न्यूमोकॉकसचा (न्यूमोनिया करणारा जंतू) जीवघेणा संसर्ग होतो, आणि गंमत म्हणजे त्यांनाही सुरुवातीला ताप आणि सीआरपी फारसं चढत नाही, आपल्या म्हाताऱ्या रुग्णांसारखंच. पौगंडावस्थेनंतर तेच रुग्ण बरेच सावरतात, कारण तोवर कमावलेली प्रतिकारशक्ती ती उणीव भरून काढते. रक्तातल्या, जंतू मारायला मदत करणाऱ्या पूरक प्रथिनांपैकी सी-५ ते सी-९ ची कमतरता असेल तर मेनिंगोकॉकसचा (मेंदूज्वर करणारा जंतू) संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. म्हणून घरातल्या लहान मुलाला दोनदा मेंदूज्वर झाला असेल किंवा त्याच्या भावंडाचा संसर्गाने मृत्यू झाला असेल, तर त्याला वैद्यकीय महाविद्यालयात पाठवा. ८० व्या वर्षी न्यूमोनियाने गेलेल्या आजोबांच्या नातवाचा गाल पुसून काही मिळणार नाही.

वाढत्या वयात जनुकांचा एक वेगळाच खेळ सुरू होतो. जन्मतः नसलेले बदल अस्थिमज्जेतल्या मूळपेशींत साचतात, डीएनएमटी-३ए आणि टीईटी-२ या जनुकांत सर्वाधिक. सत्तरीनंतर साधारण दहातल्या एकाच्या रक्तात अशा बदललेल्या पेशींचा मोठा कळप सापडतो. टीईटी-२ बिघडलेल्या मॅक्रोफेज पेशी आयएल-६ आणि आयएल-१बीटा जास्त सोडतात. म्हणजे 'जनुकं की वय' हा धाग्यातला प्रश्नच इथे विरघळतो. गाल पुसून केलेल्या पॅनेलला यातलं काही दिसत नाही.

टॉनिकबद्दल: प्रतिकारशक्ती 'वाढवणं' हे सेप्सिसमध्ये ध्येयच नाही. गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईत कोविडकाळात नोंदले गेले आहेत. विकू नका.

आयसीयू_रातपाळी

टीसेल, जनुकांबद्दल थोडा आक्षेप. जन्मजात फरकांऐवजी कोणती जनुकं त्या क्षणी चालू-बंद आहेत हे मोजणाऱ्या अभ्यासांतून जास्त निघालं. ब्रिटनमधल्या कामात न्यूमोनियाच्या रुग्णांचे दोन गट पडले: एसआरएस-१, प्रतिकारशक्ती दबलेला आणि मृत्यू जास्त, आणि एसआरएस-२. पुढे व्हॅनिश या सेप्टिक शॉकवरच्या औषधचाचणीतले नमुने तपासले तेव्हा एसआरएस-२ गटात हायड्रोकॉर्टिसोन मिळालेल्यांत मृत्यू जास्त आढळले. स्टेरॉइड सगळ्यांना सारखं लागू पडत नाही याचा हा मोठा इशारा आहे.

टीसेल

मान्य. सगळ्यांना एकच औषध या विचारानेच तर टीएनएफ-विरोधी औषधांपासून सक्रिय प्रोटीन-सी पर्यंत एकेक करत सगळी पडली. सक्रिय प्रोटीन-सी २००१ मध्ये मंजूर झालं, २०११ मध्ये कंपनीनेच बाजारातून मागे घेतलं. उलट दिशेने आयएल-७ देऊन लिम्फोसाइट वाढवता येतात हे २०१८ च्या छोट्या चाचणीत दिसलं, संख्या तिप्पट-चौपट झाली. पण जीव वाचतात हे त्यातून सिद्ध झालेलं नाही, चाचणी २७ जणांचीच होती. मोनोसाइटवरचं (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) एचएलए-डीआर हे प्रथिन मोजणं हा सगळ्यात विश्वासू मापदंड, पण त्याला फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी तपासणारं यंत्र) लागतो आणि नमुना थंड ठेवून काही तासांत पोहोचवावा लागतो. तालुक्यातून होणं नाही.

धानपट्टा_बालरोग

सिकलसेलवर कुणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात सेप्सिसचा विचार करताना हा प्रश्न पहिल्या पाचांत असायला हवा. एसएस (दोन्ही पालकांकडून सिकलसेलचं जनुक आलेल्या) रुग्णाची प्लीहा, म्हणजे रक्तातले जंतू गाळणारा अवयव, आकाराने मोठी असली तरी काम करतेच असं नाही. आपल्याकडच्या रुग्णांत गर्भ-हिमोग्लोबिन जास्त असल्याने आजार आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो असं पुस्तकांत असतं. नागपूर भागातले रुग्ण त्या वर्णनाला नेहमी जुमानत नाहीत. न्यूमोकॉकस आणि सॅल्मोनेला हे दोन मुख्य वैरी.

पाच वर्षांखालील प्रत्येक एसएस बाळाला पेनिसिलिन-व्ही तोंडाने: तीन वर्षांपर्यंत १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, त्यानंतर २५० मिग्रॅ दोनदा. १९८६ च्या चाचणीपासून हे सिद्ध आहे, तरी औषध मिळत नाही म्हणून बंद पडतं. न्यूमोकॉकल लस सरकारी वेळापत्रकात ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिने अशी आहे. दोन वर्षांनंतर २३-प्रकारची लस आणि पाच वर्षांनी तिचा दुसरा डोस, ही वेगळी घ्यावी लागते.

१०१.३ च्या वर ताप म्हणजे थेट रुग्णालय, आणि सेफ्ट्रिॲक्सोन ५० ते ७५ मिग्रॅ प्रति किलो पहिल्याच तासात, रिपोर्टची वाट न पाहता. हायड्रॉक्सियुरिया (सिकलसेलचं नेहमीचं औषध) चालू असेल तर न्यूट्रोफिलचा आकडा पाहा, कमी असेल तर ते तात्पुरतं थांबवा. डोस दिल्यावर हिमोग्लोबिन झपाट्याने पडलं आणि लघवी लाल-काळी झाली तर सेफ्ट्रिॲक्सोनमुळे होणारा रक्तपेशीनाश आठवा. विरळा आहे, पण सिकलसेलच्या मुलांत नोंदलेला आहे.

वाहक, म्हणजे एएस (एकाच पालकाकडून ते जनुक आलेला), हा रुग्ण नाही. त्याला पेनिसिलिन नको, भीतीही नको. उलट गंभीर फाल्सिपेरम मलेरियापासून त्याला चांगलं संरक्षण असतं.

काचपट्टी

सिकलसेलच्या चाळणीसाठी आपण सोल्युबिलिटी चाचणी (रक्त द्रावणात मिसळून गढूळपणा पाहणं) करतो, तिच्याबद्दल जोडतो. ही चाचणी एएस आणि एसएस वेगळं सांगत नाही, गढूळ आलं की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या तपासण्या) हवंच. खोटी निगेटिव्ह येण्याची कारणं: बाळ सहा महिन्यांखालचं, हिमोग्लोबिन ७ च्या खाली (अशा वेळी रक्ताचं प्रमाण दुप्पट घ्या), किंवा अलीकडे रक्त चढवलेलं. चाचणीतलं रसायन डायथायोनाइट उष्णतेने आणि ओलीने मरतं. पुडी फोडून आठवडाभर टेबलावर ठेवलेलं अभिकर्मक सगळ्यांनाच निगेटिव्ह ठरवतं. रोज एक माहीत असलेला पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह नमुना सोबत लावा. तेही जमत नसेल तर त्या दिवशी रिपोर्ट देऊ नका.

वैनगंगाकाठ

आता पहिला तास, ४८ किलोच्या वृद्धेसाठी.

सुई शक्यतो हिरवी, १८ गेजची. निळ्या २२ वर सलाईन वेगाने जातच नाही. ग्लुकोज लगेच तपासा. बरळण्याचं कारण कधीकधी साखर ४५ असणं एवढंच असतं. ब्लड कल्चर होत असेल तर प्रतिजैविकाआधी दोन संच, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली, बाटलीचं रबर स्पिरिटने पुसून. बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत आणि गाडीच्या डॅशबोर्डवरही नाहीत. कल्चरसाठी औषध अडवून ठेवू नका. बीपी पडलेलं असेल तर प्रतिजैविक एका तासाच्या आत. शॉक नसेल आणि संसर्गाची खात्री नसेल तर तपासायला तीन तासांपर्यंत वेळ आहे.

द्रव ३० मिली प्रति किलो म्हणजे १,४४० मिली, पाचशेच्या तीन बाटल्या, तीन तासांत. पण म्हाताऱ्या हृदयाला तिन्ही एकदम लावून सोडून जाऊ नका. एक बाटली अर्ध्या तासात, मग छातीच्या तळाशी आवाज ऐका, श्वास मोजा, ऑक्सिजन पाहा. बोटाचं टोक दहा सेकंद दाबून सोडा, रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर अजून द्रव हवं. लघवी तासाला निदान २४ मिली.

आणि हे लाल शाईत: रिंगर लॅक्टेट चालू असलेल्या नळीतून सेफ्ट्रिॲक्सोन देऊ नका, कॅल्शियमशी मिळून खडे बनतात. बाटली थांबवा, सलाइनने नळी धुवा, औषध द्या, पुन्हा धुवा. नवजात बाळात तर हे दोन्ही एकत्र नकोतच.

आयसीयू_रातपाळी

दोन बाटल्यांनी सरासरी रक्तदाब ६५ ला पोहोचला नाही तर नॉरॲड्रेनालिन (बीपी चढवणारं औषध) सुरू करा, सेंट्रल लाइनची (मोठ्या शिरेत घालायची नळी) वाट पाहू नका. कोपराच्या खोबणीतली किंवा त्यावरची मोठी शीर, मनगटाची नाही. दर तासाला त्वचा पांढरी पडतेय का ते पाहायचं. ॲम्प्यूलवर बायटार्ट्रेटचं वजन लिहिलंय की बेसचं, ते वाचा: बायटार्ट्रेट २ मिग्रॅ म्हणजे बेस १ मिग्रॅ. इथे दुपटीची चूक होते. बेस ४ मिग्रॅ, एकूण ५० मिली होईल इतक्या ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, म्हणजे मिलीमागे ८० मायक्रोग्रॅम. ४८ किलोला ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट हवं तर ताशी ३.६ मिली. सुरुवात १.८ ने करा. डोस ०.२५ च्या पुढे जाऊन चार तास झाले तरच हायड्रोकॉर्टिसोन, दिवसाला २०० मिग्रॅ.

ऑगस्ट ते नोव्हेंबर कोणत्याही अशा रुग्णाचे कपडे काढून काख, जांघ, स्तनाखाली, कमरेची नाडी बांधतो ती जागा, कानामागे पाहा. सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसली तर स्क्रब टायफस (बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप). २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात त्याचा उद्रेक झाला होता. सेफ्ट्रिॲक्सोन त्यावर चालत नाही. खपली दिसली नाही तरी या मोसमात डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दोनदा जोडायला संकोच करू नका. पहिल्या पाच दिवसांत आयजीएम (त्याची रक्तचाचणी) निगेटिव्ह येऊ शकतं. गंभीर रुग्णांत शिरेतून डॉक्सिसायक्लिन अधिक ॲझिथ्रोमायसिन ही जोडी एकेकट्या औषधापेक्षा सरस ठरली, २०२३ ची भारतातलीच चाचणी आहे.

धानपट्टा_बालरोग

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. तिथे 'रेफर करा' या शब्दाला अर्थ नाही, पहिला डोस जिथे रुग्ण आहे तिथेच. आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला, नवजात बाळात, हे गडचिरोलीतच सिद्ध झालं आहे. 'सर्च' संस्थेच्या प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरी जेंटामायसिन आणि को-ट्रायमॉक्साझोल दिलं तेव्हा नवजात सेप्सिसमधलं मृत्यूचं प्रमाण १६.६ वरून २.८ टक्क्यांवर आलं, १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. तिथेही ताप ही मुख्य खूण नव्हतीच. अंगावर न पिणं, लुळं पडणं आणि अंग गार लागणं या खुणांकडे लक्ष द्यायला शिकवलं होतं.

रेफर चिठ्ठीत प्रतिजैविकाचं नाव, मात्रा आणि घड्याळातली वेळ लिहा. 'अँटिबायोटिक दिले' यावरून पुढच्या डॉक्टरला काही कळत नाही. सिकलसेलचं कार्ड असेल तर त्याचा फोटो सोबत.

गटप्रवर्तक_ताई

चिठ्ठीचं ध्यानात ठेवतो जी. एक राहिलं. बरं होऊन घरी आलेल्या माणसाले किती दिवस पाहाव? सुट्टी झाली का घरचे म्हणतात, आता झालं.

वैनगंगाकाठ

निदान तीन महिने, ताई. अमेरिकेतल्या वृद्ध रुग्णांच्या नोंदींत सेप्सिसमधून वाचलेल्या शंभरांपैकी सुमारे चाळीस जण ९० दिवसांत पुन्हा भरती झाले, त्यातले बरेच नव्या संसर्गामुळे. पहिल्या आठवड्यात एकदा आणि मग पंधरा दिवसांनी भेट. श्वास मोजा, पाठीवर व टाचांवर जखम आहे का पाहा, लघवीची नळी अजून लावलेली असेल तर का, हे विचारा. जेवणात वरण, अंडी, दूध, शेंगदाणे, जे चालतं ते, वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला निदान १ ग्रॅम प्रथिन. ४८ किलोला ४८ ग्रॅम. एका अंड्यात ६ येतात, यावरून अंदाज करा. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तर हा आकडा डॉक्टरला विचारूनच. कुपोषणाने थायमस आणि टी-पेशी वेगळ्याने खचतात, त्यामुळे 'पचत नाही म्हणून पेजच देतो' हे आठ दिवसांवर चालू देऊ नका.

टीसेल

लिम्फोसाइट दबलेले असताना जुने, लपलेले संसर्ग वर येतात. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात फोड आले तर ती नागीण, तीन दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर उपयोग. आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर 'छातीतला कफ अजून निघतोय' असं न म्हणता थुंकी टीबीच्या तपासणीला पाठवा, सकाळचा नमुना घेऊन.